गोळी मनाने सोडू नका, काका

काका, नमस्कार.

नैराश्यावरच्या गोळ्यांबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही रागावून लिहिलंत : "माझ्या एकवीस वर्षांच्या भाच्याने महिनाभर घेऊन गोळ्या सोडल्या, तर चक्कर यायला लागली, डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायला लागलं. हे व्यसनच. रोज नेहरू पार्कात चार फेऱ्या मारल्या असत्या तर बरा झाला असता."

चूक माझी आहे. गोळी सुरू करण्यावर मी भरभरून लिहिलं, ती सोडायची कशी यावर एक ओळही नाही.

तो करंट मी सोसलाय. बरं वाटू लागलं म्हणून रंगपंचमीच्या चार दिवस आधी मी माझी नैराश्यावरची गोळी, पॅरोक्सेटिन, मनानेच बंद केली. इंदूरची गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, बघायला राजवाड्याजवळच्या एका गच्चीवर उभी होते. मान वळवली की कानामागून डोळ्यापर्यंत झटका जायचा. मला वाटलं, भोंग्यांमुळे होतंय. रात्री ताटावर बसले आणि रडू आवरेना. आईने डब्यातली स्ट्रिप काढून पाहिली : संपायला हवी होती, चार गोळ्या तशाच. डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली आणि तीन महिन्यांत हळूहळू उतरवली.

व्यसनात माणूस डोस वाढवत नेतो, वस्तू मिळाली नाही तर कासावीस होतो. इथे तसं नसतं. मेंदूने गोळीशी जुळवून घेतलेलं असतं, ती एकदम काढली की तो काही दिवस, कधी काही आठवडेही गडबडतो. पॅरोक्सेटिन शरीरातून लवकर निघून जातं, म्हणून त्रास जास्त. फ्लुओक्सेटिन ही याच प्रकारची दुसरी गोळी कित्येक दिवस रेंगाळते, म्हणून कमी. शिवाय गोळी सुरू केल्यावर मळमळ, झोपेची मोडतोड हे सगळं आधी येतं, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. भाच्याने त्रासाचे दिवस काढले आणि गुण यायच्या सुमाराला गोळी सोडली. बरं वाटल्यावरही ती साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात.

फेऱ्यांचं म्हणाल तर मीही रोज चालते. सौम्य नैराश्यात व्यायाम आणि समुपदेशन पुरतंही. पण उठून दात घासणं होत नव्हतं, त्या दिवसांत मला फेऱ्या मारायला सांगणारी माणसं फार लांबची वाटायची.

मला काळजी वाटते ती त्याच्या वयाची. पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये गोळी सुरू करताना किंवा डोस बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठी दिलेला इशारा २००७ मध्ये चोवीस वर्षांपर्यंत वाढवला. म्हणून त्याला एकटं ठेवू नका, मनात काय येतं ते सरळ विचारा. विचारल्याने तसा विचार मनात रुजत नाही. रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. जिवाला धोका वाटला तर सरळ दवाखाना गाठा.

आणि आजच त्याच्या डॉक्टरांना फोन करा. गोळी आपल्या मनाने परत सुरूही करू नका. स्ट्रिप हातात घेऊन नाव आणि मिलिग्रॅम वाचून सांगा, शेवटची गोळी कोणत्या दिवशी घेतली तेही सांगा. खोकल्याचं किंवा अंगदुखीचं काही चालू असेल तर त्याचंही नाव सांगा. खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल नैराश्याच्या गोळ्यांबरोबर घातक ठरू शकतात.