घड्याळातला एचआरव्ही आणि कॅन्सर: तो मेसेज थांबवा

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘स्मार्टवॉचमधला एचआरव्ही घसरला म्हणजे कॅन्सर पसरला, वाढला तर केमो थांबवली तरी चालते.’ हे चुकीचं आहे.

मी ईसीजी काढते, हेच माझं रोजचं काम. एचआरव्ही (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी) म्हणजे हृदयाच्या ठोक्याठोक्यामधल्या वेळेच्या अंतराचा चढउतार. एक अंतर ८१० मिलिसेकंद, पुढचं ८५५, असं. ताप, अपुरी झोप, काळजी, काही औषधं, नुसतं वाढतं वय, कशानेही तो कमी होतो. गाठ वाढली की आटली, हे त्यातून कळत नाही. ते स्कॅन आणि तपासण्याच सांगतात. शिवाय घड्याळ मनगटावर प्रकाश टाकून नाडी मोजतं. हात हलला की आकडा बिघडतो. परवा चोपड्याकडच्या एक मावशी रात्रभर तो आकडा बघत जागल्या, सकाळी तो आणखी उतरलेला. जागरणानंतर उतरणारच हो!

रुग्णांचा थकवा, ताण ओळखायला एचआरव्हीवर संशोधन चालू आहे, हे खरं. पण केमोचा निर्णय डॉक्टरांचाच. आणि केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला तर घड्याळ बघत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.