अडलं ते शेतसाऱ्यापाशी

एकोणिसाव्या शतकात जपान पुढे का गेला आणि चीन मागे का पडला, यावरच्या लेखातलं ‘प्राचीन चिनी विचारवंत कन्फ्यूशियसच्या शिकवणीमुळे चीन मागे राहिला’ हे विधान अजिबात पटलं नाही. तोच कन्फ्यूशियस तोकुगावा काळात (१८६८ पूर्वीच्या शोगुनांच्या राजवटीत) जपानी सामुराईंची मुलंही शिकत होती. चीनने यंत्रं नाकारली असंही नाही. शांघायचा जियांगनान शस्त्रकारखाना १८६५ चा, फुझौची जहाजगोदी १८६६ ची, म्हणजे दोन्ही जपानमध्ये १८६८ साली सुरू झालेल्या, आधुनिकीकरण करणाऱ्या मेइजी राजवटीच्या आधीच्या! खरा फरक तिजोरीत होता आणि लेखात त्यावर एक ओळही नाही.

जपानने १८७१ मध्ये सरंजामी संस्थानं खालसा केली, १८७३ मध्ये जमिनीची किंमत ठरवून मालकीहक्काच्या दाखल्यांवर तिच्या ३ टक्के सारा रोखीत बसवला. पूर्वी तो भातात आणि पिकाच्या अंदाजाने घेत, त्यामुळे पुढच्या वर्षाचा अंदाजपत्रकी आकडा कधीच पक्का नसे. याची किंमत शेतकऱ्याने मोजली, हेही सांगायला हवं: १८७६ च्या उठावांनंतर दर अडीच टक्क्यांवर आणावा लागला, आणि १८८० च्या दशकात तांदळाचे भाव कोसळले तेव्हा रोख सारा तेवढाच राहिल्याने कित्येकांच्या जमिनी गेल्या. चीनमध्ये मात्र १७१२ मध्ये कांगशी सम्राटाने डोईपट्टीचा आकडा गोठवलेला, जमीनमहसूलही जुन्याच ठरावांवर अडकलेला. चिनी सम्राटाविरुद्धच्या मोठ्या ताइपिंग बंडाच्या काळात, १८५३ पासून, मालवाहतुकीवर ‘लिजिन’ जकात आली, पण ती प्रांताधिकाऱ्यांच्या हातात. ज्याची जकात त्याचा कारखाना, त्याचंच आरमार. म्हणूनच १८९४ मध्ये उत्तरेचं बेइयांग आरमार जपानशी झुंजत असताना दक्षिणेचं नान्यांग आरमार लढाईत उतरलंच नाही.