सात रात्रींची इटली: काकांच्या कमेंटला सविस्तर उत्तर

नमस्कार काका,

तुम्हीच लिहिलंय की नुकतेच रिटायर झालात आणि काकूंना घेऊन पहिल्यांदाच युरोपला निघालाय, म्हणून काका म्हणतेय, चालेल ना? तुमची कमेंट नीट वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून वेगळी पोस्टच लिहितेय.

ज्यांनी कमेंट वाचली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की पहिल्यांदा इटलीला जाताय आणि हातात सातच रात्री आहेत तर रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस एवढंच करा, चौथ्या गावी मुक्काम टाकू नका. त्यावर काका म्हणतात, हा सल्ला तिकडे राहणाऱ्यांना ठीक आहे, आपण माणशी दोन-अडीच लाख घालून जाणार, परत कधी जाणं होईल देव जाणे, मग अमाल्फी, पिसा, मिलान न बघता यायचं म्हणजे पैसे पाण्यात. शिवाय त्यांच्या शेजाऱ्यांनी टूरबरोबर एवढ्याच दिवसांत हे सगळं पाहिलंय. काकांनी स्वतःचा प्लॅनही दिलाय: शनिवारी दुपारी रोमला उतरायचं, तिथे 2 रात्री, मग सोरेंटो 1 (अमाल्फी किनाऱ्यासाठी), फ्लॉरेन्स 1, चिंक्वे तेरे ही समुद्रकाठची पाच गावं 1 (जाताना वाटेत पिसा), व्हेनिस 1, मिलान 1, आणि पुढच्या शनिवारी मिलानहून परत.

काका, "परत कधी जाणं होईल देव जाणे" हे तुमचं वाक्य मला शंभर टक्के पटतं. माझा सगळा प्लॅन त्याच वाक्यावर उभा आहे. परत जाणं होणार नसेल तर तिथला एकेक तास मोलाचा, आणि म्हणूनच आपण गावं न मोजता तास मोजूया. तुमचाच प्लॅन घेऊन मोजते.

रोमहून नेपल्सला फास्ट ट्रेनने साधारण सव्वा तास, मग तिथे खालच्या स्टेशनवर जाऊन चिर्कुमवेसुवियाना नावाची लोकल पकडायची, ती सोरेंटोला अजून तास-सव्वा तास घेते, सामान ठेवायला त्यात धड जागा नसते आणि सीझनमध्ये खचाखच भरलेली असते. दुसऱ्या दिवशी तोच रस्ता उलटा, नेपल्सला परत, आणि तिथून फ्लॉरेन्स जवळजवळ तीन तास. तिसऱ्या दिवशी फ्लॉरेन्स ते पिसा तासभर, पिसा ते ला स्पेत्सिया आणखी तासभर, पुढे गावांची छोटी गाडी. मग चिंक्वे तेरेहून व्हेनिस, थेट सोयीची गाडी नाही, बदलत बदलत पाचेक तास जातातच. व्हेनिस ते मिलान अडीच तास. बेरीज केलीत तर नुसतं गाडीत बसणंच 16 तासांच्या घरात जातं. आणि गाडीत बसणं हा त्यातला सोपा भाग, कारण प्रत्येक वेळी बॅगा भरायच्या, चेक-आऊट करायचं, स्टेशनवर अर्धा तास आधी पोचायचं, उतरल्यावर हॉटेल शोधायचं, आणि रूम बऱ्याच ठिकाणी दुपारी 2-3 वाजेपर्यंत मिळत नाही. याचे दर मुक्कामाला अडीच तास धरले तरी पाच वेळा गाव बदलायचे बारा-साडेबारा तास. म्हणजे एकूण अठ्ठावीस-एकोणतीस. आता पोचायचा आणि निघायचा दिवस सोडला तर तुमच्याकडे सहा पूर्ण दिवस आहेत, रोज दहा तास हिंडलात तरी साठ तास. त्यातले जवळजवळ निम्मे बॅगांबरोबर गेले काका! रोम-फ्लॉरेन्स दीड तास आणि फ्लॉरेन्स-व्हेनिस सव्वादोन तास, हे दोनच प्रवास केले तर हॉटेल बदलण्यासकट सगळं मिळून नऊ तासांत आटपतं. उरलेले वीस तास तुम्हाला परत मिळतात, आणि वीस तास म्हणजे हिंडायचे दोन अख्खे दिवस. हे दोन दिवस विकत घ्यायचे म्हटले तर किती लाख लागतील याचा हिशोब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल.

पण मला खरी काळजी वाटली ती वारांची. तुम्ही शनिवारी उतरताय आणि रविवारच्या खाली लिहिलंय "सकाळी व्हॅटिकन म्युझियम आणि सिस्टीन चॅपेल". रविवारी व्हॅटिकन म्युझियम बंद असतं. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा उघडं, त्या दिवशी प्रवेश फुकट, म्हणून गर्दी अफाट, आणि दुपारी 2 ला बंदच होतं. सोमवारी तुम्ही सोरेंटोला निघालात. म्हणजे मायकलअँजेलोने 1508 ते 1512 अशी चार वर्षं मान वर करून रंगवलेलं, त्याच म्युझियमच्या आतल्या सिस्टीन चॅपेलचं ते छत, ज्याच्यासाठी जगभरातून लोक येतात, ते तुमच्या प्लॅनमध्ये बसतच नाही. रोमसारख्या शहराला दोनच रात्री दिल्या की असं होतं, एक दिवस चुकला तर सावरायला दुसरा दिवस हातात नसतो.

म्हणून इटलीत प्लॅन गावांपासून सुरू करू नये, वारांपासून करावा. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद. फ्लॉरेन्सची उफित्झी ही चित्रांची गॅलरी आणि मायकलअँजेलोच्या डेव्हिडचा पुतळा असलेली अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद. रोमची बोर्गेझे गॅलरी सोमवारी बंद आणि आधी बुकिंग केल्याशिवाय आत जाताच येत नाही. मिलानचं लास्ट सपर (लिओनार्डोचं भित्तिचित्र) पण सोमवारी बंद, तिथे छोट्या छोट्या गटांना आत सोडतात, 15 मिनिटं मिळतात, आणि तिकिटं फार आधी संपतात, त्यामुळे "मिलानला पोचलो की बघू" हे होत नाही. बुधवारी सकाळी पोप रोममध्ये असतील तर सेंट पीटर्सच्या चौकात त्यांचं दर्शन असतं, तेव्हा तिथली बॅसिलिका (मोठं चर्च) त्या वेळात टाळावी. व्हेनिसची सेंट मार्क बॅसिलिका रविवारी पर्यटकांना दुपारनंतरच.

हे सगळं जुळवायचं तर तुमच्या सात रात्री मी अशा बसवेन. शनिवारऐवजी सोमवारी दुपारी रोमला उतरा. त्या संध्याकाळी काहीही ठरवू नका, ट्रेव्ही फाउंटन, पँथेऑन, पियाझ्झा नवोना हा सगळा पायी करण्याचा भाग आहे, जेवढं झेपेल तेवढं हिंडा आणि लवकर झोपा, कारण आपल्या घड्याळाने तेव्हा मध्यरात्र होत आलेली असते. मंगळवारी सकाळचा पहिला स्लॉट घेऊन व्हॅटिकन म्युझियम, सिस्टीन चॅपेल, मग बॅसिलिका (खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आणि चॅपेलमध्ये फोटो काढू देत नाहीत). बुधवारी कोलोझियम, त्याच तिकिटात फोरम (प्राचीन रोमचा मुख्य चौक) आणि पॅलेटाइन टेकडी येते. फोरमला लोक धावतपळत अर्धा तास देतात, तसं करू नका, ज्युलियस सीझरला जिथे अग्नी दिला ती जागा तिथे आहे, लोक अजून तिथे फुलं ठेवून जातात, सावकाश बघा. गुरुवारी सकाळी फ्लॉरेन्स, दुपारी अकादेमिया. शुक्रवारी उफित्झी, संध्याकाळी नदीपलीकडे पियाझ्झाले मायकलअँजेलो (टेकडीवरचा चौक), तिथे बस जाते. शनिवारी सकाळी व्हेनिस, रविवार पूर्ण व्हेनिस, सोमवारी तिथूनच विमान. दुबई आणि दोहाहून व्हेनिसला थेट विमानं आहेत, तिकीट काढताना "मल्टी सिटी" निवडून मुंबई-रोम आणि व्हेनिस-मुंबई असं बघा, परत रोमला यायचा चार तासांचा प्रवास वाचतो आणि भाड्यातही बहुतेक वेळा फार फरक पडत नाही.

पिसाचा मनोरा काकूंना बघायचाच असेल तर तोही बसतो. व्हेनिसला आग्रह नसेल तर रोम 4 आणि फ्लॉरेन्स 3 करा, बॅगा हॉटेलवर ठेवून एक दिवस पिसा आणि लुक्का करून रात्री परत फ्लॉरेन्सला. तुम्हाला पॉम्पेईची ओढ जास्त असेल (इसवी सन 79 मध्ये राखेखाली गेलेलं अख्खं शहर, मला विचाराल तर मिलानपेक्षा कितीतरी वर) तर याच 4-3 च्या प्लॅनमध्ये रोमची जी चौथी रात्र आहे त्यात ते दिवसाभरात जाऊन-येऊन होतं, सकाळी लवकर निघा, तिकीट नावाने असतं आणि दिवसाला किती लोक सोडायचे त्यावर मर्यादा आहे, म्हणून आधी काढा. मुक्काम हलवायचा नाही, एवढंच पाळा.

आता काकूंच्या गुडघ्यांबद्दल. तुम्ही कमेंटच्या शेवटी एका ओळीत लिहून सोडून दिलंय, पण माझ्या मते तुमचा अख्खा प्लॅन या ओळीवर ठरायला हवा. चिंक्वे तेरेची गावं डोंगरउतारावर आहेत, त्यातल्या कॉर्निलियाला तर स्टेशनवरून वर जायला पावणेचारशेच्या वर पायऱ्या आहेत. फ्लॉरेन्सच्या डोमला, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या घुमटाला, 463 पायऱ्या, लिफ्ट नाही, तो खालूनच बघा, खालूनही तो थक्क करतो. ब्रुनेलेस्कीने 1436 मध्ये तो पुरा केला आणि तेही खालून आधाराचा मोठा लाकडी सांगाडा न उभारता. सेंट पीटर्सच्या घुमटाला गच्चीपर्यंत लिफ्ट आहे पण पुढे तीनशेवर पायऱ्या उरतातच, गच्चीवर थांबलात तरी छान. रोमचे जुने दगडी रस्ते पायाला लागतात, नवे बूट घेऊन जाऊ नका, इथे महिनाभर वापरलेले घ्या. आणि व्हेनिसमध्ये चारशेच्या वर पूल आहेत, बहुतेकांना पायऱ्या आहेत, चाकांची बॅग प्रत्येक पुलावर उचलावी लागते. तिथे हॉटेल घेताना स्वस्त-महाग नंतर बघा, आधी बघा की वापोरेत्तोच्या म्हणजे बोटीच्या थांब्यापासून हॉटेलपर्यंत एकही पूल लागत नाही ना. 1 नंबरची बोट ग्रँड कॅनॉलमधून सगळ्या थांब्यांवर थांबत जाते, पुढची जागा मिळाली तर त्या एका फेरीत काकूंना न चालता अर्धं व्हेनिस दिसेल. सुटं तिकीट 75 मिनिटांना साडेनऊ युरो पडतं, त्यापेक्षा दिवसाचे पास घ्या. व्हेनिसला सीझनमधल्या ठरावीक दिवशी दिवसापुरतं येणाऱ्यांकडून प्रवेश फी घेतात, मुक्काम करणाऱ्यांना ती माफ आहे, पण त्याची ऑनलाइन नोंद करायला लागू शकते, हॉटेलला विचारून ठेवा.

शेजाऱ्यांच्या टूरबद्दल. टूरला मी वाईट म्हणत नाही, सामान उचलायला नको, जेवणाची चिंता नाही, भाषेची नाही, काही जणांसाठी तेच योग्य आहे. पण टूरमध्ये "पाहिलं" म्हणजे काय ते शेजाऱ्यांना नीट विचारा. युरोपात बसच्या ड्रायव्हरला साडेचार तासांनी पाऊण तासाची सुट्टी द्यावीच लागते, दिवसाला साधारण 9 तासच गाडी चालवता येते, कायदा आहे. मोठ्या बसेस जुन्या शहरांत आत जाऊ शकत नाहीत, लांब उतरून चालत जावं लागतं. हॉटेलं बऱ्याचदा शहराबाहेर असतात. त्यामुळे फ्लॉरेन्स म्हणजे कित्येकदा टेकडीवरून एक फोटो आणि डोमभोवती एक चक्कर, उफित्झीच्या आत पाऊल नाही. ज्यांना तेवढं पुरतं त्यांचं काहीच चुकत नाही. पण तुम्ही कमेंटमध्ये लिहिलंय की शाळेत असल्यापासून डेव्हिडचा फोटो बघत आलात. मग त्या पाच मीटरहून उंच पुतळ्याभोवती सावकाश फिरायला, मागून-पुढून बघायला वेळ नको का?

पैशांचं म्हणाल तर जास्त गावं म्हणजे जास्त खर्चच होतो. फास्ट ट्रेनची तिकिटं, फ्रेचारोसा असो की इतालो, विमानासारखी वाढत जातात, लवकर काढली तर स्वस्त, पण सगळ्यात स्वस्त तिकीट बदलता येत नाही किंवा पैसे परत मिळत नाहीत, म्हणून व्हिसा हातात आल्यावर लगेच काढा आणि तोपर्यंत हॉटेलं फ्री कॅन्सलेशनवाली ठेवा. व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, फी 90 युरो अधिक सेंटरचा चार्ज, आणि 30,000 युरोचं कव्हर असलेला मेडिकल इन्शुरन्स लागतो. कोलोझियमची तिकिटं साधारण महिनाभर आधी खुली होतात आणि पासपोर्टवरच्या नावानेच काढायची. पिसासारख्या लोकल गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं, ते आयत्या वेळी काढा, फक्त कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी मशीनमध्ये शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड होतो. गाडी भाड्याने घ्यायचा विचार असेल तर या ट्रिपला नको, जुन्या शहरांत परवानगीशिवाय गाडी नेली की कॅमेरा टिपतो आणि दंडाचं पत्र महिन्यांनी घरी येतं.

राहिलं जेवण. तुम्ही दोघं शाकाहारी आहात आणि म्हणून टूरकडे ओढा आहे, हे मी समजू शकते. पण इटली शाकाहाऱ्यांना युरोपातल्या सगळ्यात सोप्या देशांपैकी एक आहे. टोमॅटोचा पास्ता, लसूण-तेलाचा पास्ता, वजनावर मिळणारा पिझ्झा, फ्लॉरेन्सला रिबोलिता नावाचं पाव-बीन्सचं दाट सूप, पोटभर मिळतं. सूपमध्ये मांसाचा स्टॉक आहे का तेवढं विचारायचं. कडक शाकाहारी असाल तर एक गोष्ट माहीत हवी, पार्मिजानो आणि पेकोरिनो चीज बनवताना वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारा अर्क) वापरतात, ते नको असेल तर "सेंझा फोर्माज्जो" म्हणजे चीजशिवाय असं सांगा, आणि मारिनारा पिझ्झा तर मुळातच बिनचीजचा असतो. रात्रीचं जेवण सात-साडेसातच्या आधी बहुतेक ठिकाणी मिळत नाही, तोवर पिझ्झाच्या तुकड्यावर भागवा. इथून नेताना चिवडा, मेतकूट, कोरडी चटणी न्या, पण तूप, पेढे, बर्फी नको, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. रोमला तेर्मिनी स्टेशनपासून जवळ पियाझ्झा व्हित्तोरियोच्या भागात भारतीय आणि बांगलादेशी दुकानं आहेत, डाळ-तांदूळ-मिरची सगळं मिळतं, किचनवालं अपार्टमेंट घेतलंत तर काकूंची अडचण होणार नाही.

विमानाचं बुकिंग करण्याआधी मला एवढंच कळवा की सोमवारी उतरणं जमतंय का आणि काकूंना पायऱ्या कितपत झेपतात. जमत नसेल तर तुमच्या शनिवारप्रमाणे वार परत जुळवून देते, मग फ्लॉरेन्स आधी आणि रोम शेवटी असं उलटं बसवावं लागेल.