‘मोबाइलनं कुठं पोट उतरतं का?’

‘ज्या मोबाइलनं पोट वाढवलं, तो ते काय कमी करणार?’ असा एक फॉरवर्ड फॅमिली ग्रुपांवर जोरात फिरतोय. म्हणणं असं: मेसेज वाचून कुणाची खाण्याची सवय सुटत नाही, ऑनलाइन कार्यक्रम म्हणजे घड्याळं आणि अ‍ॅप खपवायचा धंदा, 21 दिवस मन घट्ट केलं की झालं.

पहिलं म्हणणं आपल्याच देशात खोटं ठरलंय. दक्षिण भारतात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 537 नोकरदार पुरुषांना आहार-व्यायामाचा सल्ला दिला गेला. त्यातल्या साधारण निम्म्यांना पुढे दोन वर्षं साधे एसएमएसही जात राहिले. ना स्मार्टफोन लागला, ना अ‍ॅप. 2013 साली निकाल छापून आला: मेसेजवाल्यांत 18 टक्क्यांना मधुमेह झाला, बाकीच्यांत 27 टक्क्यांना.

धंद्याचं म्हणाल, तर निम्मं मान्य. अमेरिकेत 471 तरुणांवर दोन वर्षं प्रयोग झाला. हालचाल मोजणारं यंत्र दंडावर बांधलेल्यांचं वजन सरासरी साडेतीन किलोनं उतरलं, यंत्राविना तोच कार्यक्रम केलेल्यांचं जवळपास सहा किलोनं! पण म्हणून सगळंच ऑनलाइन मोडीत काढायचं? तिथलाच 2003चा दुसरा अभ्यास बघा. दोन्ही गटांना वजन कमी करण्याचा इंटरनेटवरचा एकच कार्यक्रम दिला. एका गटाला वर समुपदेशकाचे ईमेल. वर्षाअखेर ईमेलवाल्यांचं वजन 4.4 किलोनं घटलं, नुसत्या कार्यक्रमावर 2 किलोनं. यात जादू नाही. समजा, तुम्ही नोंदवहीत ‘पोहे, एक प्लेट’ लिहिलंत आणि पलीकडून विचारणा आली, ‘वर शेव किती? आणि शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर वही कोरी का?’ पुढच्या शुक्रवारी भजीच्या गाडीसमोर हात जरा आखडतोच. तेव्हा पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: माझी नोंद माणूस वाचणार का? की नुसत्या हिरव्या बरोबरच्या खुणा येणार?

राहता राहिले 21 दिवस. हा आकडा 1960 साली एका अमेरिकी प्लास्टिक सर्जननं लिहिला, तो शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान किती दिवस लागतात याबद्दल. भाकरी-भात किंवा सकाळच्या फिरण्याशी त्याचा संबंध नव्हता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं रोजच्या सवयी तपासल्या, तेव्हा मधला आकडा 66 दिवसांचा निघाला. कुणाला 18 दिवस पुरले, कुणाच्या बाबतीत अंदाज 254 पर्यंत गेला. फॉरवर्डवर विसंबलेला मात्र बाविसाव्या दिवशीच ‘आपल्याला काय जमायचं नाही’ म्हणून बूट माळ्यावर टाकतो.