खुलासा : सोल्टींची ‘रिंग’ बायरॉइटची नव्हे

‘वाद्यवृंद-संचालक जॉर्ज सोल्टींची गाजलेली ‘रिंग’ (जर्मन संगीतकार वाग्नरची चार ऑपेरांची मालिका) जर्मनीतल्या बायरॉइट महोत्सवात प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित झाली’ असं सांगणारा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. वाग्नरचे हे चारही ऑपेरा डेक्का या ध्वनिमुद्रण कंपनीने 1958 ते 1965 दरम्यान व्हिएन्नातल्या सोफियनझाल या सभागृहात मुद्रित केले. वाद्यवृंद व्हिएन्ना फिलहार्मोनिक, निर्माते जॉन कलशॉ. समोर प्रेक्षक नव्हतेच! मालिकेतल्या पहिल्या ऑपेरातल्या, म्हणजे ‘राइनगोल्ड’मधल्या ठोक्यांसाठी कलशॉंनी खऱ्याखुऱ्या 18 ऐरणी जमवल्या होत्या, हौस म्हणावी ती अशी.

सोल्टींनी बायरॉइटला ‘रिंग’ केली ती थेट 1983 मध्ये. तिथल्या प्रयोगाचं स्टिरिओ मुद्रण हवं असेल, तर वाद्यवृंद-संचालक योझेफ कायलबर्थ यांचं 1955चं ऐका. तेही डेक्कानेच केलेलं, पण बाजारात यायला 2006 उजाडलं.