आधी वह्या ताब्यात घ्या, मग समिती नेमा

संशोधनात गडबड झाल्याची तक्रार आली की आपल्याकडे पहिलं काम ठरलेलं: समिती. मी म्हणते, समिती चार दिवसांनी नेमा. तक्रार आली त्याच संध्याकाळी लॅबच्या वह्या, फ्रीजमधले नमुने, मशीनवरचा मूळ डेटा ताब्यात घ्या, पंचनाम्यासारखी यादी करा, सह्या घ्या. आरोपाचं पत्र त्यानंतर. निर्दोष माणसालाही हीच यादी वाचवते.

बडोद्यात औषध कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा. अमेरिकेच्या औषध नियामकाचा इन्स्पेक्टर एचपीएलसीच्या (औषधातले घटक मोजणाऱ्या मशीनच्या) कॉम्प्युटरवर ऑडिट ट्रेल, म्हणजे बदलांची नोंद, उघडायला लावतो. कोणी, कधी, काय पुसलं ते तिथे दिसतं. गोळ्यांच्या बॅचला जी शिस्त, ती पीएचडीला का नको?

यूजीसीचे २०१८चे नियम आहेत, पण ते वाङ्मयचौर्यापुरते. दुसऱ्याच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर माफ, ६० च्या वर गेलं तर पीएचडीची नोंदणी रद्द. आकडे घरी बसून रचणारा यात सापडणारच नाही. त्याचे आकडे कुणाशी जुळतीलच कशाला! शिवाय चौकशी करणाऱ्या विभागातल्या पॅनेलचा अध्यक्ष विभागप्रमुखच. विभागाबाहेरचा एक सदस्य असतो, पण तोही बहुधा त्याच कॅन्टीनमध्ये चहा पिणारा.

अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेने २००२ मध्ये आकडे रचल्याचा आरोप असलेल्या आपल्याच भौतिकशास्त्रज्ञाची, यान हेंड्रिक श्यॉनची, चौकशी स्टॅनफर्डच्या माल्कम बीस्ली यांच्या अध्यक्षतेखाली बहुतांश बाहेरच्या शास्त्रज्ञांकडून करवून घेतली. लॅबची वही नव्हती, मूळ फाइल्स पुसलेल्या. तरी वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत तीच रेषा सापडली, आणि २४ पैकी १६ आरोप सिद्ध झाले. अहवाल सगळ्यांना वाचायला खुला केला. आपल्याकडे अहवाल कपाटात जातो आणि गावभर फक्त कुजबूज उरते.

तक्रार करणाऱ्याचं काय होतं, हे नात्यातल्या एका मुलीच्या बाबतीत पाहिलं. तिचं नाव दुसऱ्याच दिवशी गाइडच्या कानावर. मग 'बेटा, आधी थिसिस सबमिट कर' असे सल्ले. तक्रार घेतानाच तिला दुसरा गाइड द्यायला हवा होता, आणि फेलोशिपच्या कागदावर सही करायचा अधिकार पहिल्याकडून काढून घ्यायला हवा होता. याला कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही, एक ऑफिस ऑर्डर पुरते.

इथल्या लॅबमध्ये काम करणाऱ्यांनी सांगा: तुमची वही कुणाच्या कपाटात असते, संस्थेच्या की गाइडच्या?