चलान नको असेल तर नंबर दुसऱ्याचा लावा

सिग्नल तोडायचाय, पण चलान नको? सोपं आहे. गाडीला स्वतःचाच नंबर लावायचा हट्ट सोडा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा, हवे तेवढे नंबर मिळतील. माणूस तेवढा पापभीरू निवडा, मेसेज आला की मुकाट्याने भरून टाकणारा.

प्लेटची चिंता नको. चौकातला रेडियमवाला दहा मिनिटांत करून देतो. आरसी मागत नाही, चहा मात्र विचारतो.

एवढी छाती नसेल तर ८०५५ चा 'बॉस' करून घ्या. मागच्या प्लेटवर अक्षरं ३५ आणि आकडे ४० मिलिमीटर उंच हवेत असा नियम आहे म्हणे, पण पट्टी घेऊन उभा राहतोय कोण?

अगदीच कडकी असेल तर प्लेटला रुमाल बांधा.

आणि सज्जन असाल तर माझ्यासारखं करा. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची, म्हणून ५३१ रुपये भरा, तारीख घ्या, अर्धा दिवस रजा टाका आणि जुन्या गाड्यांना सक्तीची केलेली नवी 'हाय सिक्युरिटी' नंबर प्लेट बसवून घ्या. अशोकचक्राचा होलोग्राम, लेसरने कोरलेला क्रमांक, तोडल्याशिवाय निघणार नाही असं लॉक. सगळं कसं झकास! माझी पांढरी स्कूटर ही प्लेट मिरवत जिन्याखाली पंक्चर होऊन पडली होती, आणि त्याच दिवशी माझा नंबर शेजारच्या जिल्ह्यात काळ्या मोटरसायकलवर ट्रिपल सीट, बिनहेल्मेट फिरत होता. चलान आलं मला. तक्रार केली. आरसी जोडा, विमा जोडा, गाडीचे चारी बाजूंनी फोटो जोडा. जोडले. 'तक्रार फेटाळली.' कारण? नाही. प्रत्यक्ष गेलो तर म्हणे ऑनलाइन करा. केली होती म्हटलं, तर म्हणे गाडी तिथे नव्हती याचा पुरावा काय?

अहो, पुरावा तुमच्याच कॅमेऱ्याने काढलाय! फोटोत मोटरसायकल आहे, तुमच्याच नोंदीत स्कूटर आहे. चलान पाठवण्याआधी एवढं ताडून बघायला काय होतं? तो होलोग्राम काय आम्ही आरशात बघायला लावलाय? आणि खोट्या प्लेटा करणाऱ्याच्या दुकानात एकदा तरी जाल का? ही सरळ बनावटगिरी आहे, पाचशेच्या पावतीवर सोडायची गोष्ट नाही.

आणि तू रे, काळ्या मोटरसायकलवाल्या, लाज वाटत नाही? दंडाचं सोड. उद्या कुणाला उडवून पळालास, तर पोलीस माझ्या दारात येतील.